बारा इंचांवरचं गवत

“अपील दाखल झालं ना तांते, की इथली केस झालीच नव्हती असं धरतात,” खिडकीच्या काचेपलीकडून व्हर्ना म्हणाली, आणि आगाता हार्म्सचं पेन कागदावर होतं तिथंच थांबलं.

व्हर्ना बोलायच्या ओघात बोलून गेली होती. नगरपालिकेच्या इमारतीच्या तळघरात कोर्टाची कारकून म्हणून तिची एकोणीस वर्षं गेली होती, आणि हे वाक्य तिनं आजवर कितीजणांना ऐकवलं असेल याचा हिशोब तिच्याकडंही नसेल. दोघी एकाच चर्चच्या. त्या चर्चमध्ये वयानं मोठ्या कुठल्याही बाईला तांते म्हणजे मावशीच म्हणतात, नातं असो नसो. “झालीच नव्हती म्हणजे?” आगातानं विचारलं. “म्हणजे वरच्या कोर्टात पहिल्यापासून सुरू. तिथला जज्ज इथं काय झालं ते विचारणारसुद्धा नाही.” “आणि मी इथं जज्जसमोर हो म्हटलं, ते?” “तेही नाही. वर तुम्हाला नव्यानं विचारतील, तुम्ही नव्यानं काय ते सांगा.” व्हर्ना हसली. “एवढी सवलत देव तरी देतो का, सांगा बरं!” मग तिनं बोटांवर मोजत पुन्हा एकदा सगळं सांगितलं, लहान मुलाला रस्ता ओलांडायला शिकवावं तसं. निकालापासून चौदा दिवसांच्या आत लेखी नोटीस, ती इथं, या खिडकीत. आज बारावा दिवस, म्हणजे ते वेळेत झालं. जामिनावर पुतण्याची, एल्डनची सही, ती झाली. राहिली नोटिशीची एक प्रत. ती शहराच्या वकिलाला, मिस्टर कॅलहनना, त्याच मुदतीत द्यायची. कधी दिली, कशी दिली, ते नोटिशीच्या खालच्या ओळीत भरायचं. “ती ओळ आत्ता रिकामी ठेवा. प्रत दिलीत की मला फोनवर सांगा, मी भरते. एवढं झालं की निकाल लागेपर्यंत तुमच्या गव्हाला हात लावायची कुणाची टाप नाही.” टेलिफोन वाजला. व्हर्नानं रिसीव्हर मानेत धरून कागदावर शिक्का मारला, आणि वकिलाची प्रत पाकिटात घालून खिडकीखालून सरकवली. आगातानं ते पाकीट पर्समध्ये ठेवलं. जिना चढताना तिनं कठडा धरला. झालीच नव्हती. हे शब्द तिच्या डोक्यात असे बसले की दाताच्या फटीत काही अडकावं आणि जीभ सारखी तिथंच जावी.

इतक्या सोप्या रीतीनं एखादी गोष्ट झालीच नव्हती असं करता येतं, हे अडुसष्ट वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या पंथाच्या माणसांत शपथ घेत नाहीत. ज्याला शपथ घ्यावी लागते त्याचं एरवीचं बोलणं काय मोलाचं, असा त्यांचा साधा हिशोब. हो म्हटलं की हो, नाही म्हटलं की नाही, आणि एकदा बोललेलं दुसऱ्यांदा बोलायचं नाही. घोडा विकताना तिच्या आजोबांनी गिऱ्हाइकाला कधी कागद दिला नव्हता आणि घेतलाही नव्हता. खटल्याच्या दिवशीसुद्धा कोर्टाच्या शिपायानं जुन्या सवयीनं बायबल पुढं केलं, तिच्या डोक्यावरची काळी टोपी पाहिली आणि ओशाळून मागं घेतलं. “खरं सांगाल ना?” एवढंच जज्जनं विचारलं. “हो,” ती म्हणाली होती. त्या दिवसातलं पहिलं हो ते. मग बाकीची आली, एकामागून एक, आणि त्यांनीच तिला दोषी ठरवलं.

कायदा असा होता की शहराच्या हद्दीत घरापुढचं गवत किंवा तण बारा इंचांपेक्षा उंच वाढू द्यायचं नाही. गहू हे गवतच आहे, हे शाळेच्या पुस्तकातही आहे, तेव्हा त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मेच्या सुरुवातीला नगरपालिकेचा इन्स्पेक्टर लाकडी पट्टी घेऊन आला होता. बिचारा घाबरटच होता. पट्टी धरायचा तर ओंबी वाऱ्यानं वाकायची, आकडा काही ठरेना. शेवटी आगातानं स्वतः बाहेर जाऊन तीन ओंब्या बोटांत धरून सरळ केल्या. “आता बघ.” एकतीस इंच. “थँक्यू मॅम,” तो म्हणाला आणि त्यानं लिहून घेतलं. एल्डनला हे कळल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. “काकू, त्याला पट्टी सरळ धरायला तू मदत केलीस?” केली होती. वाकडी मोजलेली गोष्ट तिला बघवत नसे, मग ती स्वतःच्या विरुद्ध का असेना. तक्रार कुणी केली ते कागदावर नव्हतं. त्यामुळं तेव्हापासून ईस्ट फिफ्थ स्ट्रीटवरची सगळीच दारं तिला अर्धवट उघडी वाटत. समोरची बाई हात हलवायची, ही पण हात हलवायची, आणि मनात यायचं, हीच का? रविवारी चर्चमध्ये कॉफीचे कप फिरताना साखरेचा खडा तोंडात धरून ती एकेका चेहऱ्याकडं बघत बसायची. संशय घेणं पाप आहे हे तिला माहीत होतं. पण मन म्हातारं झालं की त्याला धाक राहत नाही.

खटला तसा तिच्याच बाजूनं चालला होता, हेच त्यातलं दुःख. जज्ज भला माणूस, बाप शेतकरी. गव्हाची गोष्ट अख्ख्या शहराला पाठ झाली होती: डीट्रिख हार्म्सनं मरण्याआधी पेरलेला शेवटचा गहू. चर्चच्या बायकांनी सांगितलं होतं, पाळकांनी सांगितलं होतं, एल्डननं तर गाडीतून कोर्टात नेताना दहादा सांगितलं होतं, “काकू, तू काही बोलू नको. काकांनी पेरला एवढंच. मेलेल्या माणसाचा शेवटचा गहू कुठला जज्ज कापायला सांगेल?” आणि खरोखरच जज्जनं चष्मा काढून हातात घेतला आणि मऊ आवाजात विचारलं, “मिसेस हार्म्स, हा गहू तुमच्या यजमानांनी पेरला होता, बरोबर?” प्रश्न असा की उत्तर त्यातच ठेवून दिलेलं, नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मागच्या बाकावर कुणीतरी नाक ओढलं. “नाही,” आगाता म्हणाली. “मी पेरला.” जज्जनं चष्मा पुन्हा घातला. “तुम्ही स्वतः?” “हो.” “तो बारा इंचांपेक्षा उंच झाला हे तुम्हाला ठाऊक होतं?” “हो.” “आणि कापायची नोटीस मिळूनही तुम्ही कापला नाहीत?” “हो.” बाहेर आल्यावर एल्डन गाडीच्या टपावर हात आपटून म्हणाला, “एवढं खरं बोलायची काही गरज होती का?” ती गाडीत बसली आणि तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली. खरं! पोराला काय ठाऊक ती कुठलं खोटं निस्तरत होती ते.

आता नगरपालिकेच्या दारातून बाहेर येताना मे महिन्याचं शेवटचं ऊन एकदम डोळ्यांवर आलं. पायऱ्यांवर कॅलहन वकीलच भेटला. तीस-बत्तिशीचा, गोरागोमटा, बाहेरच्या गावचा. टाय खांद्यावर टाकून उभ्याउभ्याच सँडविच खात होता आणि मोहरीचा पिवळा सॉस त्याच्या दोन्ही हातांवर ओघळत होता. “मिसेस हार्म्स! काय म्हणतो गहू?” त्यानं अशा मोकळेपणानं विचारलं की बारा दिवसांपूर्वी याच माणसानं आपल्याला दोषी ठरवून घेतलं यावर तिचा विश्वास बसेना. “अपील केलंय,” ती म्हणाली आणि तिनं पर्समधून पाकीट काढलं. “ही तुमची प्रत.” “अरे वा, उत्तम! करायलाच हवं होतं. खरं सांगू, तुम्ही जिंकलात तर मलाच बरं वाटेल.” त्यानं दोन्ही हात वर करून दाखवले. “पण हे बघा माझे हात, आणि मी निघालोय काउंटीच्या कोर्टात, उशीर झालाय. कळलं मला. पोचलं म्हणून समजा.” “म्हणजे दिलं असं समजू?” “हो हो, दिलं!” तो पायऱ्या उतरत म्हणाला आणि कोपरानं गाडीचं दार उघडून आत शिरला. आगातानं पाकीट पर्समध्ये परत ठेवलं. माणसानं तोंडावर हो म्हटल्यावर त्याच्यामागं कागद घेऊन धावायचं म्हणजे त्याला खोटारडा म्हणण्यासारखंच. व्हर्नाला फोन करावासाही तिला वाटला नाही. त्याचं हो त्याच्यापाशी होतं. त्यावर आणखी आपलं हो कशाला, असं तिला वाटलं, आणि त्यात तिला काही चुकलंसं वाटलं नाही.

घरी येऊन तिनं बोर्श, म्हणजे कोबीचं सूप, गरम केलं, कालचा पाव बुडवून थोडं खाल्लं, आणि खुर्ची पुढच्या खिडकीशी ओढून बसली. गहू बाहेर उभा होता. उभा म्हणजे किती, बारा पावलं लांब आणि पाच पावलं रुंद. दोन्हीकडं शेजाऱ्यांची न्हाव्यानं कापल्यासारखी हिरवळ, आणि मधे हा कुसळांचा दाढीवाला पट्टा. शेत विकून शहरात आल्यावर पहिली तीन वर्षं डीट्रिख मागच्या अंगणात ओंजळभर पेरायचा. पीक म्हणून नव्हे. वाडवडिलांनी रशियातून पेटीत घालून आणलेल्या लाल गव्हाचं ते बियाणं. बापाकडून त्याच्याकडं आलेलं, दर वर्षी पेरायचं, कापायचं, पुन्हा पिशवीत भरून ठेवायचं, एवढंच. पोरंबाळं नव्हती, एल्डनला गव्हाच्या नव्या जातींत रस, तेव्हा हे पुढं कुणाला द्यायचं हा प्रश्न डीट्रिखनं कधी काढला नाही आणि तिनंही नाही. गेल्या सप्टेंबरात मागं शेजारच्या अक्रोडाची सावली फार पडते म्हणून त्यानं पुढची हिरवळ खणली. खणून झालं त्याच आठवड्यात तो जेवताना चमचा हातातून सोडून आगाताकडं बघत राहिला, आणि बोलायला गेला तर ओठाचा डावा कोपरा आलाच नाही. त्यानंतर पाच आठवडे हॉस्पिटल. ती रोज सकाळी बसनं जायची आणि संध्याकाळी यायची. बियाण्याची पिशवी तळघरात खिळ्याला टांगलेली होती. तिच्याकडं बघायला तिला सवड नव्हती असं ती म्हणायची. पण सवड होती. रोज संध्याकाळी ती दोन-दोन तास स्वयंपाकघरात कोट न काढता नुसती बसून राहायची.

हॉस्पिटलात त्या दुपारी नर्स ताट उचलायला आली होती आणि चार वाजून पाच मिनिटांची बस चुकेल की काय म्हणून आगाताचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं होतं. डीट्रिखनं डोळे उघडले. त्याच्या शब्दांचं सगळं पीठ झालं होतं. तो काय म्हणतो ते डॉक्टरांना कळत नसे, तिला कळे. “पेरलंस ना?” तो म्हणाला. ऑक्टोबर सरून नोव्हेंबर लागला होता. इतक्या उशिरा त्यानं आयुष्यात कधी पेरलं नव्हतं, आणि त्या डोळ्यांत दुसरं काहीच नव्हतं, मरणसुद्धा नव्हतं, फक्त वाफसा निघून जाईल ही काळजी. “हो,” आगाता म्हणाली. तिनं घड्याळाकडं बघतच म्हटलं. त्यानं डोळे मिटले आणि त्याचा चांगला ओठ थोडा हलला. ती बस तिला मिळाली. ती बसमध्ये बसली, बाहेर कापलेल्या मिलोची, तिकडच्या ज्वारीची, रानं जात राहिली, आणि तिला वाटलं, उद्या सकाळी जाण्याआधी पेरून टाकू, म्हणजे झालं. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. तिसऱ्या दिवशी पहाटे हॉस्पिटलमधून फोन आला.

चर्चच्या तळमजल्यावर मयताचं जेवण झालं, पाव, कॉफी आणि सुक्या फळांची पातळ खीर. सगळे म्हणाले, शांत गेला, समाधानानं गेला. कशाच्या समाधानानं? दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी खाली काढली आणि पुढची खणलेली जमीन दंताळ्यानं मोकळी करून सगळं बियाणं पेरलं. अर्धं ठेवून द्यावं असं मनातसुद्धा आलं नाही. जमीन गार पडली होती, बोटं बधिर झाली, गुडघे भिजले. लोक बघत होते की नाही तिनं पाहिलं नाही. बहुधा कुणी पाहिलं नसावं, म्हणून तर वसंतात कोंब आले तेव्हा सगळ्यांनी ठरवून टाकलं की डीट्रिखनंच जाण्याआधी पेरलं. तिनं ते दुरुस्त केलं नाही. तिला एवढंच हवं होतं की ते यावं, निसवावं, पिकावं, कापून पिशवीत भरावं. मग ते हो खरं होईल. उशिरा, पण खरं. मोजलं तर त्या हो नंतर सातव्या दिवशी तिनं पेरलं होतं. व्हर्नाच्या भाषेत मुदतीत, असं मनात येऊन आगाता खिडकीशी बसल्या बसल्या हसली, आणि हसू लगेच गेलं. हे असलं अपील कुठल्या खिडकीत दाखल करायचं असतं? ते हो झालंच नव्हतं, असं वर कुणी धरतं का? त्या खोलीतलं घड्याळ, नर्सच्या हातातलं ताट, त्याच्या ओठाचं ते हलणं, सगळं पहिल्यापासून, नव्यानं? नव्यानं विचारलं तर ती काय सांगेल हेही तिला ठाऊक नव्हतं. तोच चेहरा पुन्हा समोर आला तर पुन्हा हो म्हणेल, याची तिला भीती वाटली.

मधले दोन दिवस ती जवळजवळ सुखात होती. गव्हानं रंग धरायला सुरुवात केली होती. बुडखे अजून हिरवे, पण वरच्या कुसळांवर उन्हात तांबूस झाक दिसे. तिनं एक ओंबी चोळून बघितली. दाणा चिकात होता, नखानं दाबला की दूध येई. आणखी तीन आठवडे. तेवढ्यात कुणी यायचं नाही. कागद दाखल झाला होता, शिक्का पडला होता, कॅलहननं हो म्हटलं होतं. ती रात्री शांत झोपली आणि सकाळी बाहेर दंव पडलेलं बघायला उठली. डीट्रिख गेल्यापासून पहिल्यांदाच तिनं त्याच्या कोटाचे खिसे रिकामे केले.

शुक्रवारी सकाळी साडेआठला फोन वाजला. “तांते, मी व्हर्ना. तुमची फाइल वर पाठवायला काढली, तर ती खालची ओळ रिकामीच. चूक माझी, मीच विसरले, तुम्हाला आधी फोन करायला हवा होता. कॅलहनच्या ऑफिसात विचारलं तर ती पोरगी म्हणते आमच्याकडं काही आलेलं नाही. प्रत दिलीत ना त्यांना?”

“त्यानं हो म्हटलं.”

“कुणी?”

“कॅलहननं. पायऱ्यांवर भेटला. मी विचारलं दिलं असं समजू का, तर म्हणाला हो, दिलं.”

“पण कागद हातात दिलात का?”

“हात बरबटले होते त्याचे.”

पलीकडं टाइपरायटरचा आवाज येत होता तो थांबला, आणि दार लोटल्याचा आवाज आला. व्हर्ना पुन्हा बोलू लागली तेव्हा ती त्यांच्या घरच्या भाषेत, जुन्या बोलीत बोलत होती. ऑफिसातून ती कधी त्या भाषेत बोलत नसे. “तांते, आता नीट ऐका. मुदत काल संपली. तोंडी सांगितलेलं धरत नाहीत. तो मासे मारायला गेलाय सोमवारपर्यंत, आणि आला तरी त्याला काय आठवणार? प्रत मुदतीत दिली नाही तर अपील काढून टाकतात, मग पहिला निकाल कायम. पण पोस्टात टाकली असेल तरी दिली असं धरतात. काल संध्याकाळपर्यंत पेटीत पडली असली म्हणजे पुरे. पोचायला वेळ लागतो. पोस्टात कागद हरवतातसुद्धा, कुणी त्याचा पाठलाग करत नाही. मी तुम्हाला फक्त विचारणार, आणि तुम्ही सांगाल ते त्या ओळीत लिहिणार.” मग तिनं मऊ आवाजात विचारलं, “पोस्टात टाकली होतीत ना, तांते?”

तो आवाज आगातानं ओळखला. जज्जनं चष्मा काढून विचारलं होतं तो हाच आवाज, आणि त्याच्याही आधी हॉस्पिटलात, पीठ झालेल्या शब्दांत, हाच. माणूस उत्तर आपल्या ओंजळीत घेऊन येतो आणि म्हणतो, एवढं नुसतं उचल. पर्स टेबलावर होती. पाकीट तिच्यातच होतं, त्याचा एक कोपरा बाहेर आलेला दिसत होता. फोनच्या दोरीएवढं लांब जाऊन तिनं खिडकीतून पाहिलं. गहू आपल्या जागी हलत होता. एक हो, आणि तो पिकेल. तो पिकला की ते दुसरं हो खरं होईल. या खोट्याचा टेकू दिला की ते खोटं उभं राहील. मग याला टेकू कशाचा द्यायचा? असं काही तिनं ठरवून विचारात घेतलं असंही नाही. तिला फक्त कॅलहन दिसला, दोन्ही हात वर केलेला, घाईत, गाडीकडं बघत, हो हो म्हणणारा. तिला त्याचा राग आला नाही. ते हो कसं बाहेर पडतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? समोरच्याचं बरं व्हावं असं वाटत असतं, आणि बस चुकणार असते. त्यात वाईट हेतू कुठला? वाईट हेतू असता तर बरं झालं असतं, निदान बोट ठेवायला काहीतरी असतं.

“नाही,” ती म्हणाली.

“तांते, घाई नको. आठवून बघा जरा.”

“नाही, व्हर्ना. पर्समध्येच आहे.”

व्हर्नानं फोन ठेवला नाही. ती नाक पुसत म्हणाली, “तुम्ही म्हाताऱ्या बायका ना! देवाला तुमचा उबग येत असेल.” “येत असेल,” आगाता म्हणाली.

अपील काढून टाकल्याचा कागद मंगळवारी आला. त्यात काहीच चुकीचं लिहिलेलं नव्हतं. चौदा दिवस, नोटीस, प्रत, सगळे शब्द जागच्या जागी होते. एल्डन आला, स्वयंपाकघरात फेऱ्या घालत कॅलहनच्या नावानं बोटं मोडू लागला, त्याच्याकडून लिहून घेतो म्हणाला, वर्तमानपत्रात देतो म्हणाला. “नको,” ती म्हणाली. “का नको? खोटं बोलला तो तुझ्याशी!” “खोटं नाही बोलला. दया आली त्याला.” एल्डननं तिच्याकडं असं पाहिलं की काकूचं डोकं ठिकाणावर आहे की नाही. जाताना त्यानं तिच्या कपाळावर ओठ टेकवले, असं त्यानं पूर्वी कधी केलं नव्हतं. ती मग दोन दिवस पुढच्या खोलीत बसलीच नाही. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची, तिथंच बादली उपडी घालून बसायची, आणि अक्रोडाची सावली पायांवरून सरकत जाताना बघायची. एकदा वाटलं, आपणच विळा घेऊन कापावा. पण हिरवट दाणा सुरकुततो, पेरलं तर उगवत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. उगवणार नाही ते कापून पिशवीत भरणं म्हणजे मेलेल्याला नवे कपडे घालण्यासारखंच होतं.

नगरपालिकेची माणसं शुक्रवारी आली, दोघं. एकानं ट्रकवरून यंत्र उतरवलं. दुसऱ्यानं दारावर हळूच टकटक करून टोपी काढली. चाळिशीचा होता, मान उन्हानं भाजलेली. “मॅम, आधी थोड्या ओंब्या काढून घ्यायच्या असतील तर घ्या. आम्ही थांबतो.” आगाता बाहेर आली. तिनं घेतल्या नाहीत. त्यानंच एक ओंबी तोडून तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि एक दाणा दातांखाली धरला. “आणखी दोन आठवडे,” तो म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याला वाईट वाटल्यासारखं झालं. “माहीत आहे,” ती म्हणाली. “तुझ्या वडिलांची शेती होती?” “होती, मॅम.” समोरच्या घराचा पडदा हलला. मग यंत्र सुरू झालं, आणि तिनं विचार केला होता तेवढा वेळ त्याला लागला नाही. चार फेऱ्या. पहिल्या फेरीला कुसळं क्षणभर उभी राहिली आणि मग आडवी झाली. ओल्या चाऱ्याचा वास आला, हिरवा, गोडसर, गोठ्यातला, लग्नाच्या पहिल्या वर्षातला. कापलेल्यात दुधाचे डाग दिसत होते. त्या माणसानं यंत्र बंद केलं. रस्त्यावर एकदम शांतता झाली.

खोदलेल्या जमिनीचा चौकोन पुन्हा दिसू लागला होता, सप्टेंबरात डीट्रिखनं केला होता तेवढाच, सरळ कडांचा. आगाता त्या चौकोनाकडं बघत घरच्या भाषेत बोलली. मोठ्यानं बोलली, समोरची दोघं माणसं चमकून वळली.

“पेरला नव्हता,” ती म्हणाली. “तू विचारलंस तेव्हा पेरला नव्हता, डीट्रिख. पिशवी उघडलीसुद्धा नव्हती.”

ट्रकजवळचा माणूस टोपी हातात घेऊन उभाच राहिला.  कुणी काही विचारलं नव्हतं तरी ती म्हणाली, “मागनं पेरला. चांगला आला होता.”